आधी कारण सांग

आज मी चार माणसांत तोंड उघडून बोलते, ती कोरगावच्या सरांमुळे. सरांमुळे, त्यांच्या पडवीमुळे, काकींच्या ओरडण्यामुळे आणि संध्याकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराच्या उंड्यांमुळे. हे आधीच लिहून टाकते. मला सवय आहे, बोलता बोलता घाबरते आणि मुख्य गोष्ट सांगायची राहून जाते.

सर म्हणजे माझ्या शाळेतले सर नव्हेत. माझी शाळा नववीत सुटली. वैभववाडीच्या पलीकडे, घाटाच्या पायथ्याला आमचं घर. धाकट्या भावंडांकडे बघायला घरात एक माणूस हवं होतं, ते माणूस मी झाले. भावंडं मोठी झाली आणि मी गावातल्या एका मैत्रिणीच्या ओळखीने गोव्यात, तुयेच्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. राहायला कोरगावात सरांच्या घरामागची खोली मिळाली. पूर्वी त्या खोलीत काजू साठवत. उन्हाळ्यात भिंती तापल्या की अजून वास सुटायचा, आणि मला उगाच भूक लागायची.

खोली बघायला गेले त्या दिवशी सर घरात नव्हते. मागच्या डोंगरावरून आवाज येत होता. "गेट आउट, यू शेमलेस फेलोज! हॅव यू नो एज्युकेशन?"

मी घाबरून सरांच्या बायकोला, काकींना, विचारलं, "कोणावर रागावलेत?"

"माकडांचेर," काकी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "मनशां खंय आयकतात ताचें?"

थोड्या वेळाने सर खाली आले. लुंगी, आणि वर कडक इस्त्रीचा, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

"माकडांक कोंकणींत गाळी दिल्यो जाल्यार तांकां दिसता घरचोच कोण तरी उलयता," ते म्हणाले. "इंग्लिश आयकलें की ऑफिसर आयलो म्हणून धांवतात."

"आणि लुंगी?" काकींनी आतून टोला हाणला. "लुंगी पळोवन कोणाक ऑफिसर दिसता?"

"इंग्लिश कमरेच्या वयर आसता," सर म्हणाले आणि चहाची बशी उचलली.

मला काही कळलं नाही. पण खोली मिळाली.

सरांनी आयुष्यभर कॉलेजात इंग्लिश शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर पडवीत शिकवायला लागले. पेडण्याची, म्हापशाच्या कॉलेजात जाणारी, एक तर पार डिचोलीहून स्कूटरने येणारा, अशी मुलं संध्याकाळी जमायची. सगळी मराठी नाहीतर कोंकणी शाळांतून वर आलेली, कॉलेजात गेल्यावर मागच्या बाकावर जाऊन बसलेली. सर फी घेत नसत. पण आत घ्यायच्या आधी एक प्रश्न विचारायचे, आणि त्याचं उत्तर पटेपर्यंत पुस्तक उघडू देत नसत.

"कित्याक जाय तुका इंग्लिश?"

नवीन पोरगा मान खाली घालून म्हणायचा, "सर, मोपाच्या विमानतळावर नोकरी मिळते."

"तें विमानतळाचें कारण. तुजें सांग."

"सर, कॉम्पिटिशन खूप आहे. आजकाल इंग्लिशशिवाय..."

"तें पेपरांतलें कारण. तुजें, बाबू, तुजें सांग. नाय जाल्यार घरा वच, सोद, आनी फाल्यां यो."

आणि खरंच परत पाठवायचे. आईबाप येऊन भांडायचे. एका बापाने तर पडवीतच विचारलं, "सर, कारण सापडेपर्यंत माझ्या मुलाने काय करायचं?" सर म्हणाले, "काजीचीं झाडां आसात, बोंडां वेंचूं दी. वेंचतां वेंचतां मेळटा." दोन-तीन पोरांना खरंच बोंडं वेचताना सापडलं. निदान काकींची बोंडं तरी वेचून झाली.

डिचोलीचा सर्वेश कित्येक दिवस हेलपाटे घालत होता. एकदा नोकरी म्हणाला, एकदा स्पर्धा परीक्षा म्हणाला. मग एका संध्याकाळी स्कूटर उभी करायच्या आधीच ओरडला, "सर, वर्गात एक मुलगी आहे. ती इंग्लिशमध्येच भांडते. मराठीत मी तिला हरवलं असतं, पण ती मराठीत येतच नाही!"

सर उठून उभे राहिले. "भितर यो," म्हणाले. "हें कारण."

केरीच्या प्रथमेशचं वेगळंच. त्याचे वडील किनाऱ्यावर भाड्याने स्कूटर देत. तो म्हणाला, "येस सगळ्यांना येतं, सर. मला नो म्हणायला शिकायचंय. गिऱ्हाईक काही म्हणालं की माझ्या तोंडातून येसच बाहेर पडतं, आणि मग बाबा मला बडवतात." त्याला महिनाभर सरांनी फक्त नकार शिकवले. गोड नकार, कडू नकार, हसत हसत नकार. घरी आईने भाजी आणायला सांगितली तरी तो इंग्लिशमध्ये अदबीने नकार द्यायला लागला, म्हणून बाबांनी पुन्हा बडवला.

आणि दीक्षाचा भाऊ पोर्तुगालचा पासपोर्ट काढून इंग्लंडला गेला होता. त्याची लहान मुलगी व्हिडिओ कॉलवर आत्याला काहीबाही विचारायची. दीक्षा हसायची आणि फोन आईकडे द्यायची. आई हसायची आणि फोन परत दीक्षाकडे. "तिला वाटतं आत्याला फक्त हसता येतं," दीक्षा म्हणाली. "मला तिला आमच्या विहिरीतल्या कासवाची गोष्ट सांगायचीये." सरांनी तिथूनच काकींना हाक मारली आणि दीक्षाला चहा द्यायला सांगितला. सरांच्या पडवीत पहिल्या दिवशी चहा मिळालेली ती एकटीच.

हे सगळं मला ठाऊक, कारण माझी सकाळची पाळी दुपारीच सुटायची, आणि माझी खोली पडवीला लागूनच. भांडी घासताना कान तिकडे. पडवीत जाऊन बसायची हिंमत नव्हती. ती कॉलेजची मुलं, मी नववी.

पण उंड्यांनी मला आत ओढलं. संध्याकाळी पोदेर सायकलचा भोंगा वाजवत आला की सर वर्ग थांबवायचे. गरम उंडे घ्यायचे आणि विचारायचे, "आज सगळ्यांत व्हड चूक कोणाची?" ज्याने भर पडवीत मोठ्याने, न लाजता सगळ्यांत मोठी चूक केली असेल त्याला पहिला उंडा. बरोबर बोलणाऱ्यांना त्याच्यानंतर, गार झाला की. त्यामुळे व्हायचं काय, चुका लपवायच्या सोडून पोरं चुकांसाठी भांडायची. "सर, माझी मोठी होती!" "सर, ह्याने मुद्दाम केली, मुद्दाम केलेली चालत नाही!"

एकदा एक उंडा उरला. सरांनी मागच्या दाराकडे बघून हाक मारली, "बाय, हांगा यो."

मी ओले हात पुसत गेले.

"तुका कारण आसा?"

"नाही सर. मी आपली पावासाठी आले."

सगळे हसले. सरही हसले. "बरें. उंडो घे आनी बस. कारण नाशिल्लो मनीस माका अजून मेळूंक ना."

कारण नव्हतं असं नाही. सांगायची लाज होती. आमच्या कारखान्यात वर्षातून कधी तरी परदेशातले तपासनीस येतात. ऑडिट म्हणतात त्याला. ते नुसती यंत्रं बघत नाहीत, लाइनवर उभ्या असलेल्या कोणत्याही मुलीला थांबवून विचारतात, तू काय करतेस, असं झालं तर काय करशील. ज्यांना बोलता येत नाही त्यांना त्या दिवशी बाजूला काढतात. मला कधी सुट्टी दिली, कधी कँटीनमागे खोके मोजायला बसवलं. माझा हात लाइनवर सगळ्यांत जलद होता. तरी ऑडिटची गाडी गेटात शिरली की मी खोक्यांमागे. आणि त्या वर्षी बोलणं ऐकू यायला लागलं होतं, की पुढच्या ऑडिटला ज्या मुली लाइनवर उभ्या राहू शकणार नाहीत, त्यांचं कंत्राट वाढवायचं नाही. म्हणजे बॅग भरून परत वैभववाडी. तिथे माझ्यासाठी काही ठेवलेलं नव्हतं.

सरांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. मी म्हटलं, "पर्मनंट व्हायला."

"तें फॅक्टरीचें कारण."

"पगार वाढतो, सर."

"तें पगाराचें कारण. तुजें?"

मी रडायच्या बेतात आले. आणि रडायच्या आधी तोंडातून निघून गेलं, "माका लपवतत, सर. गाडी इली की माका खोक्यांमागे लपवतत. माका लपाचा नाय."

घरची बोली तोंडात आली होती. सर्वेशने आपल्या हातातला अर्धा उंडा माझ्यासमोर ठेवला. सर नुसतं म्हणाले, "पुस्तक उगड."

पुस्तक उघडलं तरी तोंड उघडेना. शब्द पाठ व्हायचे, समोर माणूस दिसला की सगळे पळून जायचे. आणि हे माझंच नव्हतं. सर्वेशचं तेच, दीक्षाचं तेच. आवाजच फुटायचा नाही. सर एक दिवस वैतागले. पडवीच्या खांबाला टेकून म्हणाले, "देवळांत गाराणें घालतना तुमचो आवाज खंय सावन येता रे? थंय कशे गर्जतात?"

गाराणं आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. जत्रेला, चतुर्थीला, घरात काही शुभकार्य असलं की एक जण देवासमोर उभा राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणतात. सरांनी लुंगी खोचली, तुळशीकडे तोंड केलं, हात जोडले आणि सुरू केलं, गाराण्याच्याच चालीत:

"ओ गॉड म्हाराजा! टुडे युवर चिल्ड्रन आर स्टँडिंग हिअर!"

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"व्हय म्हाराजा म्हणा गो!" काकी स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"व्हय म्हाराजा!"

"दे ओपन देअर माउथ, अँड ओन्ली एअर इज कमिंग!"

"व्हय म्हाराजा!"

"गिव्ह देम सम व्हॉइस! अँड गिव्ह माय वाइफ सम पेशन्स!"

"व्हय म्हाराजा!" ह्या खेपेला काकींचा आवाज सगळ्यांत वर होता.

मग सर्वेशने घातलं. त्या भांडणाऱ्या मुलीला शहाणपण दे म्हणाला. प्रथमेशने घातलं. कोणाच्या तोंडात वाक्य धड नव्हतं, पण आवाज असा सुटला होता की पलीकडच्या वाड्यावरून माणसं बघायला आली, कोणाच्या घरी काय कार्य आहे म्हणून.

आमच्या गावात गाराणं माझे बाबा घालतात. बायका मागे उभ्या राहतात. मी लहानपणापासून मागे उभं राहून ते ऐकलंय, श्वास कुठे घ्यायचा, शेवटचा शब्द कुठे लांबवायचा, सगळं मला पाठ. पण मुलीने ते घालायचं असतं हे कधी मनातही आलं नव्हतं. सर म्हणाले, "बाय, तुजी पाळी."

मी तुळशीसमोर उभी राहिले. डोळे मिटले आणि बाबांचा सूर धरला.

"ओ गॉड म्हाराजा! आय अॅम इन तुये! माय मदर इज फार!"

"व्हय म्हाराजा!"

"ऑडिट इज कमिंग! आय नो माय वर्क!"

"व्हय म्हाराजा!"

"डू नॉट हाइड मी, म्हाराजा!"

व्हय म्हाराजा म्हणताना दीक्षाचा आवाज कापला. माझा नाही कापला. मला स्वतःलाच पटेना तो माझा आवाज आहे म्हणून.

त्यानंतर मला चटकच लागली. कंपनीच्या बसमध्ये मी रोजच्या कामाचं इंग्लिश गाराणं घालायची. गोळ्यांची पट्टी अशी तपासते म्हाराजा, खोका असा भरते म्हाराजा. बसमधल्या मुली, कोणी पेडण्याच्या, कोणी आमच्या सिंधुदुर्गातल्या, हसत हसत साथ द्यायच्या. ड्रायव्हरसुद्धा हॉर्न वाजवून व्हय म्हणायचा.

सर कुठे शिकले असतील इतकं, असं मला नेहमी वाटायचं. दीक्षाने एकदा विचारलंच. "सर, सगळ्यांची कारणं तुम्ही काढून घेतलीत. तुमचं काय होतं?"

काकी आतून म्हणाल्या, "सांग, सांग. आमकांय आयकूं दी परत एकदां."

सर बशीतला चहा फुंकत राहिले. मग म्हणाले, ते पेडण्याहून मराठी शाळा करून कॉलेजात गेले. प्रोफेसर वर्गात विनोद सांगायचे. शहरातली मुलं हसायची. सरांना काही कळायचं नाही, म्हणून ते शेजाऱ्याकडे बघून त्याच्या मागोमाग हसायचे. एक दिवस शेजाऱ्याचे खांदे हलताना दिसले आणि सर खदखदून हसले. शेजारी खोकत होता. प्रोफेसर आपल्या आईच्या आजारपणाबद्दल सांगत होते.

"त्या दिसा थारयलें," सर म्हणाले. "नोकरेखातीर न्हय, कित्याखातीर न्हय. माका हांसूंक शिकचें आसा. सगळे हांसतात तेन्ना, तांचेबरोबर."

आम्ही हसावं की नाही ते कळेना. आधी सरच हसले, मग सगळे. मी म्हटलं, "सर, तुम्ही फी घेत नाही. मी काय देऊ?"

"एक दीस माका इंग्लिशींतल्यान हांसय," ते म्हणाले. "खरें हांसय, उपकार म्हणून न्हय. ती तुजी फी."

ऑडिटच्या आदल्या दिवशी आमच्या सुपरवायझर दादांनी नेहमीप्रमाणे मला बाजूला बोलावलं. डिचोलीचे, मनाने चांगले, पण ऑडिटचं नाव काढलं की त्यांना घाम फुटायचा. "उद्या तू कँटीनमागे," म्हणाले.

"नाही दादा," मी म्हटलं. "मी लाइनवर उभी राहणार."

"तू? बोलणार?"

"चुकत चुकत बोलेन. पण बोलेन."

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाले, "बघ हं, तुझ्याबरोबर माझीपण नोकरी जाईल. एक काम कर, कोपऱ्यात उभी राहा. कोपऱ्यात कोणी येत नाही."

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाई आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, गळ्यात चष्मा. आत शिरल्या आणि सरळ कोपऱ्यात आल्या. नंतर कळलं, त्या नेहमी आधी कोपऱ्यातच जातात.

त्यांनी इंग्लिशमध्ये विचारलं, पट्टीत एक घर रिकामं दिसलं, गोळी नाही, तर तू काय करतेस?

मागे दादा, त्यांच्या मागे मॅनेजर. माझ्या डोळ्यांसमोर सगळं पांढरं. शब्द गेले ते गेलेच. मग कुठून तरी पोदेराचा भोंगा आठवला, आणि वाटलं, फार तर काय होईल, पहिला उंडा मिळेल. मी हात मागे बांधले, श्वास जिथे घ्यायचा तिथे घेतला, आणि बाबांचा सूर लागला.

"मॅडम! आय स्टॉप द मशीन! आय टेक दॅट बॉक्स आउट! आय कीप इट सेपरेट, लाइक बॅड बॉय, इन कॉर्नर!" बाईंच्या ओठांची कड हलली. "आय कॉल सुपरवायझर! वी चेक ऑल बॉक्स बिफोर! धिस इज अवर वर्क, मॅडम! ऑल ऑफ अस डू लाइक धिस!"

शेवटचा शब्द मी लांबवला. गाराण्यात लांबवतात तसाच. चुकून, सवयीने. आणि लाइनवरच्या सगळ्या मुली, डोक्याला टोप्या, तोंडाला मास्क, एका सुरात गरजल्या:

"व्हय म्हाराजा!"

मॅनेजरांचा चेहरा खोक्यासारखा झाला. दादांनी भिंत धरली. बाईंनी हळूच चष्मा डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, "व्हॉट वॉज दॅट?"

मी म्हटलं, "मॅडम, इन अवर प्लेस, वन पर्सन स्पीक टू गॉड. इफ इट इज ट्रू, ऑल से येस."

बाईंनी लाइनवर एक नजर फिरवली. "वेल," त्या म्हणाल्या, "आय हॅव नेव्हर हॅड सो मेनी विटनेसेस." आणि हसल्या. मीही हसले. कोणाकडे बघून नाही, त्यांच्याबरोबर. हे मला नंतर बसमध्ये लक्षात आलं, आणि तिथेच रडू आलं.

संध्याकाळी पडवीत धावत गेले आणि सगळं सांगितलं. सर इतके हसले की चष्मा लुंगीत पडला, काकींना पाणी आणावं लागलं. सर्वेश म्हणाला, "सर, फी मिळाली की!"

सरांनी डोळे पुसले. "हें तिणें मराठींत सांगलें. ही फी चलना." मग पोदेराच्या टोपलीतला पहिला, सगळ्यांत गरम उंडा उचलून माझ्या हातात ठेवला. "ही चूक मात शंबर टक्के व्हड."

मी त्याच आठवड्यात तो प्रसंग इंग्लिशमध्ये सांगून बघितला. कोपऱ्यापर्यंत नीट गेले, पण हसायची जागा आली तिथे मीच आधी हसले आणि सगळं फिसकटलं. सर म्हणाले, "वाट पळयतां. घाय ना."

कंत्राट वाढलं. पुढे मी पर्मनंट झाले, आणि आता कंपनीने नव्या लाइनवरच्या मुलींना शिकवायला मला इकडे हिमाचलात पाठवलंय. थंडी खूप. भोंगा वाजवत कोणी येत नाही. इथल्या मुली माझ्यासारख्याच घाबरतात. पहिल्या दिवशी मी त्यांना एकच विचारते, तू कशासाठी शिकतेस, आणि कंपनीचं कारण सांगितलं तर परत पाठवते. सगळ्यांत मोठी चूक करणारीला कँटीनमधला पहिला गरम बन. कँटीनवाला मला वेडी समजतो. दीक्षाचा मेसेज येतो कधी कधी, कासवाची गोष्ट आता भाचीला पाठ आहे म्हणून.

रोज पाळी संपली की मी खोलीवर आरशासमोर उभी राहून तो ऑडिटचा प्रसंग इंग्लिशमध्ये सांगते. आता मधेच हसत नाही. शेवटचा शब्द लांबवते आणि थांबते. तिथे सर हसतील.

सर, चतुर्थीला रजा मिळो न मिळो, मी येणार. पडवीत उभी राहून पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत इंग्लिशमध्ये सांगणार, आणि तुमचा चष्मा पुन्हा लुंगीत पाडणार. काकींना म्हणावं, पाणी भरून ठेवा, आणि मी थांबले की आतून मोठ्याने व्हय म्हणा.